शरीराची साक्ष

मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावी खंडोबाची यात्रा भरते तेव्हा घोडे, गाढवे आणि उंट यांच्या बाजाराइतकीच कुस्त्यांच्या दंगलीचीही वाट आसपासचे तालुके पाहत असतात. महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेतही आखाड्याभोवती तशीच गर्दी दाटते. या आखाड्यांतून न्यायाचा जो शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तो सर्वस्वी डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींचा होता : जोड तोलामोलाची आहे की नाही हे पंच नजरेने ठरवीत, घामाने वा तेलाने पकड निसटू नये म्हणून दोघेही एकमेकांच्या अंगावर माती टाकीत, आणि पाठ जमिनीला लागली की नाही याचा निवाडा साऱ्या जमावासमक्ष होई. मल्लाच्या शरीराच्या आत काय आहे, हा प्रश्न पंचांच्या अखत्यारीतला नव्हता. तो वस्तादाचा होता. पोराने जोर-बैठका किती मारल्या, दूध-बदाम किती रिचवले, रात्री तो केव्हा निजला, हे सारे पहाटेपासून ज्याच्या नजरेखाली घडे, त्या एका माणसाच्या शब्दावर गाव निर्धास्त असे.

निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार या परंपरेतून पुढे आले. १९७७ साली बेळगावात त्यांनी सतपालला हरविले ती कुस्ती जुनी माणसे अजून सांगतात. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी शिष्यांची पिढी घडविली. त्यांपैकी बीड जिल्ह्याच्या राहुल आवारेने २०१८ साली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणि २०१९ साली जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. गुरूपासून शिष्यापर्यंतच्या या अवधीत माती जाऊन मॅट आली, हा बदल सर्वांना दिसला. परंतु वस्तादाच्या शब्दाची जागा प्रयोगशाळेच्या अहवालाने घेतली, हा त्याहून खोल गेलेला बदल फारसा कोणी विचारात घेतला नाही. खेळाडूच्या शरीरालाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करण्याची ही कल्पना कोठून आली, कोणत्या हेतूने वाढली आणि तिचा भार अखेर कोणाच्या खांद्यावर पडला, हे नीट पाहण्याची गरज आज मराठवाड्याला आहे. कारण इथली मुले आता त्या साक्षीच्या कक्षेत येऊ लागली आहेत.

आरंभी या मामल्यात लपविण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटतच नव्हते. १९०४ साली सेंट लुईसच्या ऑलिंपिकमध्ये टॉमस हिक्स हा मॅरेथॉन धावत असता त्याच्या मदतनिसांनी वाटेतच त्याला अंड्याच्या पांढऱ्या बलकाबरोबर स्ट्रिक्नीन हे विष अल्प मात्रेत पाजले, वर ब्रँडी दिली, आणि तो विजयी ठरला; या उपचाराची हकीकत पुढे अहवालातही मोकळेपणाने नमूद झाली. १९२८ साली आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने उत्तेजक द्रव्यांना मनाई केली खरी. परंतु तपासणीचे साधन हाती नसल्याने ती मनाई दीर्घकाळ कागदावरच राहिली.

त्या मनाईला धार आली ती मृत्यूमुळे. १९६० साली रोममध्ये क्नुद येन्सन हा डॅनिश सायकलपटू शर्यतीत कोसळून मरण पावला. त्याच्या मृत्यूस ऊन कारण झाले की औषध, हा वाद मागाहूनही मिटला नाही, तरी जगाच्या मनात धास्ती बसायची ती बसली. १९६७ साली फ्रान्समधील शर्यतीत माँ व्हाँतूच्या चढावर टॉम सिम्प्सन हा सायकलपटू मरण पावला, आणि त्याच्या शरीरात ॲम्फेटामीन आढळले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने वैद्यकीय आयोग नेमला आणि १९६८ पासून ऑलिंपिकमध्ये चाचण्या सुरू झाल्या. तेव्हा या कल्पनेचे स्वरूप पालकत्वाचे होते : खेळाडूला विजयाच्या लोभाने आपला जीव गमावू देऊ नये, एवढाच तिचा आशय होता.

स्टेरॉइडांनी तो आशय पालटला. ही द्रव्ये शर्यतीच्या दिवशी नव्हे, तर महिनोन्‌महिने आधी, सरावाच्या काळात स्नायू घडवितात. त्यांनी मरण तत्काळ येत नाही, परंतु शेजारच्या पट्टीत धावणाऱ्याचे श्रम मात्र तत्काळ व्यर्थ ठरतात. १९७६ साली माँट्रियल येथे त्यांची चाचणी सुरू झाली, आणि १९८८ साली सोलमध्ये बेन जॉन्सनने शंभर मीटरचे अंतर ९.७९ सेकंदांत कापून मिळविलेले सुवर्णपदक स्टॅनोझोलॉल आढळल्याने काढून घेण्यात आले. त्या दिवसापासून चाचणीचा मुख्य हेतू औषध न घेणाऱ्याचे संरक्षण हा झाला. ही या कल्पनेची नैतिक उंची होय. चाचणीचा अपमान सोसणारा प्रामाणिक खेळाडू खरे पाहता आपल्याच हक्काचा पुरावा निर्माण करीत असतो, हे तिच्या समर्थकांचे म्हणणे मला आजही मान्य आहे.

परंतु या उंचीवर चढताना कल्पनेने तिसरे वळण घेतले, आणि तेच सर्वांत कठीण आहे. शरीरात द्रव्य कसे आले, हेतू काय होता, याचा शोध घेत बसलो तर प्रत्येकजण अज्ञानाची कैफियत मांडील आणि कोणीच दोषी ठरणार नाही, या भयातून असा नियम घट्ट झाला की, शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच. २००० साली सिडनीत आंद्रेया रादुकान या सोळा वर्षांच्या रुमेनियन मुलीचे जिम्नॅस्टिक्समधील सुवर्णपदक गेले, ते संघाच्याच डॉक्टरने सर्दीवर दिलेल्या गोळीमुळे. तिने फसविले असे कोणीही म्हटले नाही. तरीही पदक परत मिळाले नाही. १९९९ साली स्थापन झालेल्या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे ‘वाडा’ने, २००४ पासून लागू केलेल्या संहितेत हेच तत्त्व पायाशी ठेवले. भारतात २००५ साली राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेची, म्हणजे ‘नाडा’ची, स्थापना झाली, आणि २००८ साली दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेला ‘वाडा’ची मान्यता मिळाली.

ही साक्ष प्रत्यक्षात कशी घेतली जाते, हे जवळून पाहण्याजोगे आहे. मॅटवरून उतरलेल्या मल्लाच्या हाती सूचनापत्र पडते, त्यावर त्याची सही होते, आणि त्या क्षणापासून एक अधिकृत सोबती त्याच्यावरची नजर काढीत नाही. शरीरातले पाणी घामावाटे गेलेले असते, म्हणून सीलबंद बाटल्यांतील पाणी पीत त्याला कधी कधी तासन्‌तास बसावे लागते. मग अधिकाऱ्यासमक्ष, सदरा छातीपर्यंत आणि चड्डी गुडघ्यापर्यंत सरकवून, त्याने किमान ९० मिलिलिटर लघवी द्यायची. ती ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन बाटल्यांत तो स्वतःच्या हाताने ओततो, स्वतःच झाकणे पिळून बंद करतो, आणि मोडल्यावाचून ती झाकणे पुन्हा उघडत नाहीत. गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधे अर्जावर लिहून द्यायची. यापुढे त्याचे नाव गळून पडते : प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या कागदावर फक्त क्रमांक असतो. तो मल्ल कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, त्याच्या पाठीशी कोणता पुढारी उभा आहे, यांतले काहीही तपासणाऱ्याला ठाऊक नसते. आपल्याकडच्या निवडीच्या राजकारणात ज्याचा जीव गुदमरला आहे, त्याला या अनामिकतेचे मोल सांगावे लागत नाही.

विषमता सुरू होते ती त्या क्रमांकाचे पुन्हा नाव झाल्यावर. २०११, २०१२ आणि २०१३ असे सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला, राज्याच्या पोलीस दलात उपअधीक्षक असलेला नरसिंग यादव २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून रिओ ऑलिंपिकसाठी भारताची जागा पक्की करून बसला होता. त्याच जागेसाठी मल्ल सुशीलकुमारने निवडीची लढत मागितली. जून २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मागणी नाकारली. त्याच महिन्याच्या २५ तारखेला सोनीपतच्या शिबिरात घेतलेल्या नरसिंगच्या नमुन्यात मेथँडायनोन हे स्टेरॉइड आढळले. आपल्या पेयात कोणीतरी ते मिसळले, अशी त्याची फिर्याद होती. १ ऑगस्टला ‘नाडा’च्या समितीने ती मान्य करून त्याला निर्दोष ठरविले. ‘वाडा’ने त्यावर अपील केले, आणि १८ ऑगस्टला, त्याच्या लढतीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. सापडलेले प्रमाण पाण्यात भुकटी टाकल्याने येणारे नसून गोळी पोटात गेल्याचे दर्शविते, ही तज्ज्ञाची साक्ष तेथे निर्णायक ठरली.

या निवाड्याचा फेरविचार करण्याचा अधिकार मला नाही, आणि तज्ज्ञाच्या साक्षीला भावनेने उत्तर देता येत नाही. परंतु एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. शिबिरातले स्वयंपाकघर, त्यावरचा पहारा, तिथे ये-जा करणारी माणसे, पूरक आहाराचे डबे, यांपैकी काहीही मल्लाच्या ताब्यात नसते. आणि तरीही द्रव्य शरीरात कसे आले, हे सिद्ध करण्याचा भार मात्र एकट्या त्याच्यावर असतो. २०११ साली अश्विनी अक्कुंजी, मनदीप कौर, सिनी जोस आदी धावपटू दोषी ठरल्या, तेव्हा प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंगमधून हे घडले असे त्यांचे सांगणे होते. परदेशी प्रशिक्षकाची नोकरी गेली, पण लवादापर्यंत गेलेल्या मामल्यात दोन वर्षांची बंदी भोगली ती मुलींनी. आणि २०१९ साली क्रिकेटपटू पृथ्वी शॉच्या नमुन्यात खोकल्याच्या औषधातले टर्ब्युटालिन आढळले, तेव्हा त्याचे स्पष्टीकरण क्रिकेट मंडळाने स्वीकारले. आठ महिन्यांची बंदी ३० जुलैला जाहीर झाली आणि मागील तारखेपासून मोजल्याने १५ नोव्हेंबरला संपली. द्रव्यांचे वर्ग निराळे आहेत, त्यामुळे शिक्षाही निराळ्या. हे मान्यच आहे. परंतु खोकला झालेला कंधारचा किंवा अहमदपूरचा पोरगा औषधाच्या दुकानात उभा राहतो तेव्हा बाटलीवरचे बारीक इंग्रजी नाव त्याला कोण वाचून दाखविणार, आणि उद्या मामला उद्भवला तर त्याची कैफियत कोण मांडणार?

दुसरीकडे, संशयाला आधार नाही असेही म्हणवत नाही. ‘वाडा’च्या आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात तपासलेल्या ३,८६५ नमुन्यांपैकी १२५, आणि २०२३ साली ५,६०६ पैकी २१३ सदोष निघाले, मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत ‘नाडा’चे अधिकारी आल्याचे कळताच शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला आठांपैकी एकच धावपटू उभा राहिला. जे सात जण आले नाहीत त्यांच्यामुळे स्पर्धाच उरली नाही, आणि विजयाचे मोल गेले.

नांदेड आणि लातूरच्या रस्त्यांवर पहाटे जी मुले-मुली धावताना दिसतात, त्यांतल्या बहुतेकांचे ध्येय ऑलिंपिक नसून पोलीस भरती आहे. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, दोघांनाही शंभर मीटर आणि गोळाफेक. मैदानाचे गुण पन्नास. एकेका गुणावर घरादाराची आशा टांगलेली असते. ही खेळाची स्पर्धा नव्हे, त्यामुळे ‘वाडा’ची संहिता तिला लागू नाही, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब सावरण्यासाठी द्यायचे मेफेन्टरमाइनचे इंजेक्शन व्यायामशाळांतून विकल्याबद्दल महाराष्ट्रात पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले आहेत. हृदयावर घाला घालणारे हे औषध शेतकऱ्याच्या पोराच्या दंडात टोचले जाते, तेव्हा जगाने १९६० साली अनुभवलेली ती पहिली धास्ती आपल्या दाराशी नव्याने उभी राहते. पालकत्व, समता आणि जबाबदारी या तीन अवस्थांतून जगाचा विचार क्रमाने पुढे गेला. आपल्यापुढे त्या तिन्ही एकदमच येऊन ठाकल्या आहेत.

म्हणून या कल्पनेचे चौथे पाऊल आपण उचलले पाहिजे, आणि त्याची खूण संहितेतच आहे. २०१५ च्या आवृत्तीपासून दोषी प्रशिक्षकांशी संबंध ठेवणे हाही अपराध ठरला, आणि खेळाडू अल्पवयीन असेल तर त्याच्या भोवतीच्या माणसांचा तपास बंधनकारक झाला. २०२१ च्या आवृत्तीने अल्पवयीनांना संरक्षित वर्गाची सवलत दिली. जबाबदारी एका शरीरावरून भोवतालावर पसरविण्याचीच ही दिशा आहे. ती जिल्ह्यापर्यंत यावयाची तर काही तजविजी ताबडतोब करता येण्याजोग्या आहेत. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या कार्यालयाने मनाई असलेल्या नेहमीच्या औषधांची यादी मराठीत छापून प्रत्येक तालमीत, भरती अकादमीत आणि औषधाच्या दुकानात लावावी. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने आंतरविद्यापीठ स्पर्धांना जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ती समजावून सांगितल्यावाचून पाठवू नये. आणि दोषी ठरलेल्या गरीब खेळाडूला कायद्याचे व वैद्यकाचे साहाय्य विनामूल्य मिळण्याची सोय सरकारने करावी. चाचणी ढिली करा, असे मी म्हणत नाही. ती अधिक कडक व्हावी, तालुक्यापर्यंत यावी. परंतु नमुना सदोष निघताच जशी खेळाडूला नोटीस जाते, तशीच ती त्याच दिवशी त्याच्या प्रशिक्षकाला, डॉक्टरला आणि डबा विकणाऱ्यालाही गेली पाहिजे, आणि आपला निर्दोषपणा सिद्ध करण्याचा भार त्यांच्याही शिरावर असला पाहिजे.