कुठपर्यंत आलीस?

पुस्तक पुरतं वाचून झाल्याशिवाय त्याच्याविषयी बोलू नये, असा एक शिरस्ता आहे. परीक्षण लिहिणाऱ्यांना तो लागू असावाच. चार पानं चाळून चार रकाने भरणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत. पण जेवणं आटोपल्यावर दोन माणसं पुस्तकाविषयी बोलत बसली असतील, तर तिथे हा शिरस्ता कशाला? त्यातून ती कुमारवयाच्या वाचकांसाठी लिहिलेली कादंबरी असेल, तर तिच्याविषयी बोलायची खरी वेळ ती अर्धी वाचून झालेली असतानाचीच, असं माझं मत होत चाललं आहे.

माझी भाची नववीत आहे आणि सध्या एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ वाचते आहे. मी ती पूर्वी वाचली होती. आता तिच्या जोडीने पुन्हा काढली आहे. रात्री तिचा फोन येतो तो "मावशी, कुठपर्यंत आलीस?" या प्रश्नानेच. मी मागे असले तर वैतागते, पुढे गेले असले तर दम भरते, "एक अक्षर बोलायचं नाही." मला शेवट ठाऊक आहे, म्हणजे या गप्पांत माझं पारडं जड असायला हवं. प्रत्यक्षात उलटंच होतं. शेवट माहीत असलेल्या माणसाला धड वाद घालता येत नाही. तो एक तर गप्प बसतो, नाही तर शहाणपणाने हसतो, आणि दोन्ही गोष्टी चौदा वर्षांच्या मुलीला सहन होत नाहीत.

गोष्ट अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातली, टल्सा शहरातली, १९६० च्या दशकातली. गरीब वस्तीतली तेल चोपडलेल्या लांब केसांची मुलं एकीकडे, मोटारी उडवणारी श्रीमंत घरातली मुलं दुसरीकडे, आणि मधे सतत धुमसणारं वैर. सांगणारा आहे पोनीबॉय कर्टिस, वय चौदा. आईवडील मोटारीच्या अपघातात गेलेले. थोरला भाऊ डॅरी वीस वर्षांचा. तो कॉलेजचा विचार सोडून लोकांच्या घरांची छपरं बसवायच्या कामाला जातो आणि दोन धाकट्यांना सांभाळतो. घरात काही वेडंवाकडं घडलं तर सरकार धाकट्यांना उचलून सुधारगृहात टाकेल, ही टांगती तलवार. त्यामुळे डॅरी सतत ओरडत असतो. अभ्यास का नाही केलास, उशीर का केलास, डोकं कुठे असतं तुझं.

भाचीची प्रत जुन्या पुस्तकांच्या दुकानातली आहे. तिने सुरुवातीलाच डॅरीच्या नावाशेजारी पेन्सिलीने लिहून ठेवलंय, "खडूस". तिसऱ्या प्रकरणात डॅरी पोनीबॉयच्या थोबाडीत मारतो, तिथे "बघ, म्हटलं नव्हतं?" असं जरा मोठ्या अक्षरात. सहाव्या प्रकरणात भावांची इस्पितळात भेट होते, तिथे मात्र समासात नुसतं "थांब." लिहिलंय. आधीचं "खडूस" तिने खोडलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "तेव्हा तो मला खडूसच वाटत होता ना. खोडायचं कशाला?"

मला हे फार पटलं. कारण या कादंबरीत पोनीबॉयलाही तोपर्यंत तसंच वाटत असतं. मोठ्यांसाठीच्या पुष्कळ कादंबऱ्यांत सांगणारा सगळं उलगडून झाल्यावर, आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला बसून सांगतो. कुमारांच्या चांगल्या कादंबरीत सांगणारा त्या गोंधळाच्या ऐन मध्यावर असतो. भाऊ आपला द्वेष करतो की आपल्यापायी झिजतो, मित्र खरा की खोटा, आपण चुकलो की आपल्यावर अन्याय झाला, यातलं काहीही त्याला अजून ठरवता आलेलं नसतं, तरी तो ठामपणे मतं देत असतो. अर्ध्यावर असलेला वाचक त्याच्या बरोबरीने चालतो, त्याच्या इतकाच चुकतो. पुस्तक मिटलेला वाचक डोंगरावर जाऊन बसलेला असतो. त्याला सगळ्या वाटा दिसतात, पण पायाखालचा खडा टोचत नाही. मग तो "भावाभावांतलं प्रेम फार छान दाखवलंय" असं काहीतरी म्हणतो. ते खोटं नसतं, पण "खडूस" या शब्दातली धग त्यात नसते.

आपल्याकडे मुलांकडून मत मागितलं जातं ते नेमकं असं, डोंगरावरचं. शाळेच्या प्रकल्पात पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, प्रकाशक, पृष्ठसंख्या, आवडलेले पात्र, मिळालेला संदेश असे रकाने आखलेले असतात. मुलं पृष्ठसंख्या शेवटच्या पानावरून आणि संदेश मलपृष्ठावरून उतरवतात, आणि मार्क मिळतात. नावडलेल्या पात्राला रकाना नसतो. कंटाळा कुठे आला, हे तर कुणी विचारतच नाही. घरी वेगळा प्रकार. आमच्या ताईने ‘द आउटसायडर्स’विषयी पहिला प्रश्न केला तो, "त्यात चाकू-सुऱ्या आहेत ना गं?" आहेत. अमेरिकेतही या पुस्तकावर त्यावरून वारंवार आक्षेप घेतले गेले, काही शाळांतून ते काढायला लावलं गेलं. ताईची काळजी मी समजू शकते. पण मुलांशी पुस्तकाबद्दल बोलायला बसताना पहिला प्रश्न तपासनिसाचा असला, की दुसऱ्या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही.

गंमत म्हणजे, ही कादंबरी लिहिणारी स्वतः शाळकरी मुलगी होती. सुझन हिंटनने ती पंधराव्या वर्षी लिहायला घेतली, बरीचशी सोळाव्या वर्षी लिहिली, आणि १९६७ साली ती छापून आली तेव्हा लेखिका अठरा वर्षांची होती. तिच्या वयाच्या मुलांसाठी तेव्हा मिळणारी पुस्तकं तिला आपली वाटत नव्हती; तिच्या शाळेत जे रोज डोळ्यांसमोर घडत होतं त्यातलं काहीच त्यांत नव्हतं. म्हणजे ‘द आउटसायडर्स’ हे एका वाचणाऱ्या मुलीचं तिच्या काळातल्या कुमार साहित्यावरचं मतच म्हणायचं, पुस्तकाएवढं लांबलेलं. पुस्तकावर नावाऐवजी नुसती आद्याक्षरं छापली गेली, कारण मुलांच्या टोळ्यांवरची कादंबरी मुलीने लिहिलीय म्हटल्यावर परीक्षक पुरुष नाकं मुरडतील, अशी प्रकाशकांना धास्ती होती.

पुढे या पुस्तकाच्या बाबतीत मुलांचं मत किती लांब पोहोचलं, त्याचा किस्सा मला फार आवडतो. कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ लोन स्टार नावाची एक शाळा आहे. तिथल्या मुलांचं ठाम म्हणणं पडलं की या कादंबरीवर सिनेमा व्हायलाच पाहिजे आणि तो फ्रान्सिस फोर्ड कोपोलाने काढला पाहिजे. ‘गॉडफादर’वाला कोपोला! शाळेच्या ग्रंथालयातल्या बाईंनी १९८० साली त्याला पत्र घातलं, मुलांच्या सह्या गोळा करून जोडल्या, पुस्तकाची प्रतही पाठवली. १९८३ मध्ये सिनेमा आला. त्यात मॅट डिलन होता, पॅट्रिक स्वेझी होता, आणि एका छोट्या भूमिकेत तेव्हा फारसा कुणाला ठाऊक नसलेला टॉम क्रूझ. आपल्याकडच्या एखाद्या आठवीच्या वर्गाने अशी सह्यांची मोहीम काढली, तर आधी मुख्याध्यापकांची परवानगी घेतली होती का, अशी चौकशी होईल.

कुमार साहित्याचे पुरस्कार आपल्याकडे दिले जातात. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०२२ साली संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ला आणि २०२४ साली भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ला मिळाला. आनंदच आहे. पण निवड करणारी मंडळी मोठी, भाषणं करणारी मोठी, बातमी वाचणारीही मोठी. अमेरिकेत ग्रंथपालांच्या संघटनेची कुमार वाचकांसाठी एक शाखा आहे, आणि तिच्या एका यादीतली पुस्तकं बारा ते अठरा वर्षांची मुलं स्वतः सुचवतात आणि मत देऊन स्वतःच निवडतात. तसली एखादी यादी मराठीत निघाली तर ती आपल्याला धक्के देईल. द्यावेत.

अर्ध्यावरची मतं हा प्रकार आपल्याला नवा नाही, हे मात्र सांगितलं पाहिजे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः छापली. यमू नावाची मुलगी आपली कहाणी आपल्या तोंडाने सांगते. भातुकली, लग्न, सासर, आणि पुढचं सगळं. तिला आज कुणी कुमार कादंबरी म्हणणार नाही, पण निवेदन करणारीच्या वयाकडे पाहिलं तर ती त्या घरातलीच आहे. ‘करमणूक’च्या वाचकाला पुढच्या अंकापर्यंत थांबणं भाग होतं. वाचता येणारं अख्खं घर त्या आठवड्यापुरतं एकाच पानावर अडकलेलं. यमूच्या सासरच्यांना तेव्हा ओसरीवर किती शिव्या पडल्या असतील, आणि माजघरात कोण गप्प बसलं असेल, याची कल्पनाच करावी. नंतर पुस्तक झालं, अभ्यासक्रमाला लागलं, आणि "स्त्रीजीवनाचे वास्तव चित्रण" एवढं सगळ्यांना तोंडपाठ झालं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचीने मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ वाचली. २००४ साली ती आली तेव्हा माझ्या पिढीतल्या सगळ्यांनी ती एका दमात संपवली होती आणि सगळ्यांचं मत एकच होतं, "अगदी आपली शाळा!" आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, मुकुंद आणि त्याच्या मित्रांचा अर्धवट बांधलेल्या इमारतीतला अड्डा, आणि ती शिरोडकर. आम्ही गहिवरलो होतो. भाचीला गहिवरायला काही नव्हतं, ती स्वतःच नववीच्या उंबऱ्यात उभी. साधारण निम्मं पुस्तक झाल्यावर तिचा फोन आला. "मावशी, शिरोडकरला काय वाटतं ते कुणी विचारतच नाहीये गं. सगळे नुसते तिच्याकडे बघतायत."

मी सांगणार होते की निवेदन मुकुंदचं आहे, त्याला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसणार, लेखकाने ते जाणूनबुजून केलं आहे, पुढे दोघं बोलतातसुद्धा. हे सगळं बरोबर आहे. पण वीस वर्षांत मला, माझ्या मैत्रिणींना, आम्हां बायकांनाही, हा प्रश्न पडला नव्हता. आम्ही आठवणींच्या नादात मुकुंदच्या खांद्यावर हात टाकून चाललो होतो. आम्हीही कधीकाळी अशाच बघितल्या गेलेल्या मुली होतो, हे साफ विसरून. पुस्तक संपल्यावर भाचीनेही "छान आहे, शेवट वाईट वाटतो" असंच म्हटलं. मधला फोन झाला नसता तर एवढंच माझ्या वाट्याला आलं असतं.

आता तोच प्रश्न ती हिंटनबाईंना विचारते आहे. लेखक मुलगी आहे हे तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तर दोन मिनिटं गप्प, आणि मग, "मग चेरी अशी का लिहिली?" चेरी ही श्रीमंत टोळीतली मुलगी, पोनीबॉयशी सूर्यास्ताविषयी बोलणारी. आठव्या प्रकरणात तो तिला इस्पितळात असलेल्या आपल्या दोस्ताला, जॉनीला, भेटायला बोलावतो आणि ती नाही म्हणते, कारण जॉनीच्या हातून तिचा मित्र मेलेला असतो. पुढे वाचणाऱ्यांची माफी मागते, यापेक्षा जास्त फोडणार नाही.

भाचीचं म्हणणं, चेरी भित्री आहे. गप्पा मारताना गोड, आणि वेळ आली की आपल्या लोकांत पळाली. माझं म्हणणं, सगळ्या पुस्तकात तेवढीच एक जण खरं बोलते. ज्याने आपल्या माणसाला मारलं, तो कितीही बिचारा असला तरी मला त्याच्या उशाशी जाता येणार नाही, हे स्वतःच्या तोंडाने कबूल करायला धाडस लागतं. "मावशी, तू मोठ्या माणसांसारखं बोलतेस," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पण तिने जाऊन काय बोलायचं होतं, ते मलाही सुचत नाहीये."

बाराच्या बारा प्रकरणं वाचून होईपर्यंत चेरीबद्दल निकाल द्यायचा नाही, असं मी सुचवून पाहिलं. ते साफ फेटाळलं गेलं. समासात तिच्या नावाशेजारी "भित्री?" असं लिहून झालेलं आहे, प्रश्नचिन्हासकट, आणि उरलेली चार प्रकरणं शनिवार-रविवारी वाचायची आहेत. मी एक प्रकरण मागे आहे, तेवढं आज संपवायला हवं.