खारवलेल्या मांसाचा प्रश्न

दोस्तांनो, प्रश्न सरळच मांडतो. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस सोडा. २०१५ साली महाराष्ट्रात कायदा आला, बैल कापायचा नाही, त्याचं मांस बाळगायचं नाही. गाय तर १९७६ च्या कायद्यानं आधीच बंद होती. वरवर बघितलं तर दोन्ही वेळा ताटातून एकच वस्तू गेली. आपल्या अभ्यासवर्गात एकजण म्हणालाच, 'बाबासाहेबांनीच सोडायला लावलं होतं ना? मग सरकारनं बंद केलं तर बोंब कशाला मारता?' त्यावर दुसरा उसळला, 'आता मुद्दाम खायचं. चौकात चूल मांडून खायचं.' दोघंही आपलेच. दोघंही तळमळीनं बोलतात. आणि दोघांचंही मला पुरतं पटत नाही.

या दोघांना उत्तर शोधताना मी एका परक्या पदार्थापाशी गेलो. तो स्वतःच्या हातानं घरी करून बघितला. त्याचं नाव कॉर्न्ड बीफ.

नावात कॉर्न आहे, पण मक्याशी काडीचा संबंध नाही. जुन्या इंग्रजीत कुठल्याही दाण्याला कॉर्न म्हणत. जाड्या मिठाचे धान्याएवढे खडे, त्या खड्यांत मुरवलेलं मांस ते कॉर्न्ड बीफ. सरळ मराठीत, खारवलेलं मोठ्याचं. बहुतेक करून ते छातीच्या भागाचं करतात. इंग्रज त्याला ब्रिस्केट म्हणतो, आपल्या मोहल्ल्यातला कुरेशी खाटीक सीना म्हणतो. माणसाला गळ्याखाली आडवं हाड असतं तसं गुराला नसतं. त्यामुळे पुढच्या धडाचा सगळा भार छातीच्या स्नायूंवर. जन्मभर उभं राहून, चालून, ओढून हे मांस चिवट होतं. म्हणून स्वस्त. कमरेचा मऊ भाग, ज्यानं काही वाहिलं नाही, तो महाग. बाजाराचा हा न्याय फक्त जनावरापुरता आहे असं कुणी समजू नये.

करायची रीत सांगतो, कारण ज्या गोष्टीला हात लावला नाही तिच्यावर तत्त्वज्ञान सांगणारे आपल्याकडे आधीच पुष्कळ आहेत. म्हशीचा दोन किलो सीना आणला. (म्हशीला तपासणीचा दाखला लागतो, बंदी नाही.) चार लिटर पाण्यात साडेतीनशे ग्रॅम मीठ, मूठभर गूळ, काळी मिरी, धणे, मोहरी, लवंग, तमालपत्र घालून उकळलं आणि पार गार होऊ दिलं. कोमट पाण्यात मांस टाकलं की नासलं म्हणून समजा. मांस त्यात बुडवलं, वर ताटली आणि ताटलीवर वजन, म्हणजे ते तरंगत नाही. पाच दिवस फ्रिजमध्ये. रोज एकदा पालटायचं. सहाव्या दिवशी धुऊन नव्या पाण्यात मंद आचेवर तीन तास. कुकरची घाई केली की धागे आखडतात. चिवटपणा ज्या चिकट द्रव्यामुळे असतो ते हळूहळू विरघळतं, तेव्हाच सीना मऊ पडतो. शेवटी त्याच पाण्यात बटाटे आणि कोबी. कापताना धाग्याच्या आडवं कापायचं, नाहीतर दातात सुतळी चावल्यासारखं होतं.

हॉटेलात तो गुलाबी दिसतो. माझा राखाडी झाला. कारण मी सोरा घातला नाही. सोऱ्यातून जे नायट्राइट तयार होतं त्यानं मांसाचा रंग शिजल्यावरही गुलाबी राहतो, आणि बंद डब्यातल्या मांसात होणारं जीवघेणं विषही टळतं. पण प्रमाण चुकलं तर तेच नायट्राइट विष. म्हणून परदेशात ते साध्या मिठात मिसळून, मुद्दाम गुलाबी रंगवून विकतात, कुणी चुकून भाजीत घालू नये म्हणून. बोस्टनकडचे लोक सोऱ्याशिवाय राखाडीच करतात आणि आवडीनं खातात. चवीत मला खोट दिसली नाही.

पण हा सोरा सहज सोडून देण्याजोगा नाही. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपच्या बाजारात येणारा सोरा मोठ्या प्रमाणात बिहारचा होता. ईस्ट इंडिया कंपनी पाटण्याहून गलबतं भरून न्यायची. तो काढायची नोनिया जात. नोन म्हंजे मीठ. गावातल्या जुन्या भिंतीच्या बुडाशी, गोठ्याच्या कडेला, जिथं गुरांचं मूत वर्षानुवर्षं मुरलंय तिथली माती खरवडायची, पाण्यात कालवून गाळायची, पाणी आटवायचं, की सोऱ्याचे खडे हाती येत. त्याच सोऱ्याची बंदुकीची दारू होई आणि त्याच सोऱ्यानं गोऱ्यांच्या ताटातलं गोमांस गुलाबी राही. आज जे गोमूत्राच्या बाटल्या विकतात त्यांना हा इतिहास कुणीतरी सांगायला हवा. मूत पवित्र, माती खरवडणारा शूद्र, माल कंपनीचा.

आता हे मांस खारवणारा माणूस बघा. हा पदार्थ आयर्लंडच्या नावावर आहे. इंग्लंडनं १६६३ आणि १६६७ साली कायदे करून आयर्लंडची जिवंत गुरं आपल्याकडे यायला बंद केली, इंग्रज जमीनदाराच्या गुरांचा भाव पडू नये म्हणून. मग आयर्लंडात गुरं तिथंच कापून, खारवून, लाकडी पिंपात भरून धाडायचा धंदा वाढला. कॉर्क हे त्याचं मोठं बंदर. पिंपं जात ब्रिटिश आरमाराला आणि तिकडं कॅरिबियन बेटांतल्या उसाच्या मळ्यांवर. उत्तम माल आरमाराला, हलका माल मळ्यावरच्या गुलामांना. फ्रान्सच्या राजानं १६८५ साली गुलामांबद्दल कायदा केला, त्यात रेशनसुद्धा लिहून ठेवलंय. दर गुलामाला आठवड्याला दोन पौंड खारं गोमांस, नाहीतर तीन पौंड मासे. माणूस विकत घेणाऱ्यानं त्याला काय खायला घालायचं तेही कलम घालून ठरवलं.

आणि आयरिश कुळवाडी? चराऊ रानासाठी जमीन गेली, त्याला उरला बटाट्याचा तुकडा. गुरं त्याची नव्हती, मांस त्याचं नव्हतं. खारवायची मजुरी तेवढी त्याची. १८४५ ला बटाट्यावर रोग पडला, पुढच्या सातेक वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणूस मेला, त्याहून जास्त देश सोडून गेला. त्या दुष्काळातही आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि गुरं बाहेर जातच होती. न्यूयॉर्कला पोचलेल्या आयरिश माणसाच्या हातात चार पैसे आले तेव्हा शेजारच्या यहुदी खाटकाच्या दुकानात त्याला हा खारा सीना स्वस्तात मिळाला. आज अमेरिकेतल्या आयरिशांचा तो सणाचा पदार्थ आहे. बाप-आज्यांनी जन्मभर खारवून दुसऱ्यासाठी पिंपात भरलं, ते नातवांनी समुद्रापार स्वतःच्या पैशानं खाल्लं.

हे वाचताना मला आपलं आठवलं नाही असं कसं होईल? फरक आहे, तोही सांगतो. आयरिशाला मांस मिळत नव्हतं. आपल्याला मिळत होतं, पण मेलेलं. गावाचं ढोर मेलं की ओढायचं आपण, सोलायचं आपण, कातडं गावकीच्या हिशेबात आणि मांस आपल्या टोपल्यात. एवढं मांस एका दिवसात कसं संपायचं? मग त्याचे लांब पट्टे कापून, मीठ लावून, दोरीवर वाळत घालायचे. त्या चान्या. उन्हाळ्यात केलेल्या चान्या पावसाळ्यात उपाशी दिवसांना कामी यायच्या. शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' ज्यांनी वाचलंय त्यांना मी वेगळं सांगायला नको. तत्त्व तेच. मीठ मांसातलं पाणी ओढून घेतं, पाण्यावाचून सडवणारे जंतू वाढत नाहीत. कॉर्कच्या पिंपातलं शास्त्र आणि महारवाड्याच्या दोरीवरचं शास्त्र एक. त्याला पाककला म्हणतात, ह्याला विटाळ म्हणतात.

सीना शिजला तेव्हा माझी आत्या घरात होती. ऐंशीच्या पुढची. तिच्या बापानं महाडनंतर गावात ढोर ओढायचं बंद केलं, त्यापायी गावानं किराणा, पीठगिरणी सगळं तोडलं होतं, हे ती अनेकदा सांगते. मी म्हटलं, 'आत्या, खातीस का थोडं? मेलेलं न्हाई, कापलेलं हाय.' ती म्हणाली, 'मला कळतंय लेका. तू खा. बाबासायबानं मेलेलं सोडाया सांगितलं, कापलेलं न्हाई. पर माझ्या बापानं उपाशी ऱ्हाऊन सोडलंय. मी न्हाई खायाची.' मी म्हटलं, 'म्हंजे मी खाल्लं तर चूक?' तर म्हणते, 'चूक कशाची? तुझ्या ताटात कुणी टाकलंय का? तू इकत आणलंस.'

माझ्या मते सगळा मुद्दा म्हातारीनं त्या 'टाकलंय' शब्दात पकडला. महाडला सोडलं ते मांस नव्हतंच मुळी. सोडलं ते टाकलेलं घेणं. मेलेलं ढोर म्हणजे पगाराऐवजी दिलेली घाण. ती घेतली की वेठ मान्य केली, जागा मान्य केली. म्हणून त्या सोडण्याला किंमत होती, आणि किंमत द्यावीही लागली. बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात हेच उलगडलंय. ब्राह्मण एकेकाळी गाय कापून खात होते. बौद्ध धम्माशी झुंज देताना त्यांनी ती सोडली, नुसती सोडली नाही तर पूज्य केली. गावकुसाबाहेरच्या मोडलेल्या माणसांना सोडता आली नाही. ते मारत नव्हते, मेलेलं खात होते, तेच त्यांचं पोट होतं. मग तेच खाणं त्यांच्या अस्पृश्यतेचं कारण ठरवलं गेलं. म्हणजे पहा, ब्राह्मणाचं सोडणंही राजकारण, आपलं सोडणंही राजकारण. पण एकानं सोडून दुसऱ्याला खाली ढकललं, आणि दुसऱ्यानं सोडून स्वतःला उभं केलं. दोन्हीला 'गोमांसत्याग' हा एकच शब्द लावणारा एकतर अडाणी, नाहीतर लबाड.

आता पहिल्या मित्राला उत्तर देता येतं. मी स्वतः सोडलं तर ती माझी प्रतिज्ञा. सरकारनं हिसकावलं तर तो हुकूम. बैल कापला तर पाच वर्षांपर्यंत तुरुंग आणि दहा हजार दंड, असं २०१५ चा कायदा म्हणतो. बाहेरच्या राज्यात कापलेल्याचं मांस घरात ठेवणं हाही गुन्हाच होता. ते कलम २०१६ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केलं, माणसाच्या खाजगी जगण्यात सरकारनं एवढं शिरू नये म्हणून. कत्तलबंदी मात्र कायम ठेवली. आणि गंमत बघा, ह्या हुकुमाला मेलेल्या ढोराचं वावडं नाही. मेलेलं ढोर अजूनही आपणच उचलावं अशी अपेक्षा आहेच, आणि उचललं तर झोडायलाही मोकळे. २००२ साली हरियाणात दुलिना इथं पाच दलितांना ठेचून मारलं, २०१६ साली गुजरातेत उन्याला मेलेली गाय सोलणाऱ्या पोरांना गाडीला बांधून फोडलं. त्यानंतर सुरेंद्रनगरला आपल्या माणसांनी मेलेली जनावरं सरकारी कचेरीपुढं आणून टाकली. महाड ते हेच. सोडणं असं असतं.

दुसऱ्या मित्राचं उत्तर अवघड आहे. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात २०१२ साली पोरांनी बीफचा उत्सव केला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. आपलं खाणं लपवून, दार लावून, वास जाऊ नये म्हणून उदबत्ती लावून खाणं किती पिढ्या चाललं! ते उघड्यावर आलं ते बरंच झालं. पण खाण्याचा अभिमान माणसाला कुठवर नेतो, हेही बघावं लागतं. ज्या आयरिशांचं मी वर कौतुकानं सांगितलं, त्यांच्याच न्यूयॉर्कच्या वस्त्यांतून जुलै १८६३ मध्ये जमाव निघाले. सक्तीच्या सैन्यभरतीचा राग त्यांनी काळ्या माणसांवर काढला. काळ्यांना दिव्याच्या खांबाला लटकवलं, काळ्या अनाथ पोरांचा आश्रम जाळला. उपाशी मेलेल्यांचीच ही पोरं. ज्या गुलामांसाठी त्यांच्या बापांनी पिंपं भरली, त्यांच्याच रक्ताच्या लोकांवर उठली. पुढं दहा वर्षांनी जोतीरावांनी 'गुलामगिरी' लिहिली, ती अमेरिकेत गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केली. पुण्यात बसून त्यांना जे दिसलं ते न्यूयॉर्कच्या त्या गल्लीत दिसलं नाही.

म्हणून चौकातल्या चुलीबद्दल माझी एक शंका राहते. चूल मांडायची तर मांडा, मीही लाकडं आणीन. पण त्या चुलीवर कोण बसलंय, भांडी कोण घासतंय, वस्तीत आपल्याहून खालचा म्हणून ज्याला आपण पाणी देत नाही तो त्या पंगतीत आहे का, हे विचारल्याशिवाय मला तो घास गिळता येणार नाही. दोन बौद्ध पोटजातींत लग्न जमत नाही तोवर सीना कितीही मऊ शिजवला तरी काय उपयोग?

राहिला तिसरा मित्र, जो म्हणतो धम्म घेतल्यावर मांसच नको. त्याच्याशी माझं भांडण नाही. त्यानं फक्त 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मधला अहिंसेचा भाग पुन्हा वाचावा. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा, हा भेद बाबासाहेबांनी तिथं केलाय. त्या तराजूत आधी उन्याच्या काठ्या घालून बघाव्यात, मग माझा सीना.

पुढच्या अभ्यासवर्गाला मी दोन किलो खारवून आणतो. ज्याला नको त्याच्यासाठी भरीत आणि भाकरी. पंगत एकच. दुसऱ्याच्या ताटात डोकावून 'तू काय खातोस रे' असं जो विचारील त्याच्याकडं त्या दिवशीची पातेली.