झळाळी आणि पारा : अभिरुचिनिर्णयासंबंधी एक टिपण

एखादा राजवाडा सुंदर आहे काय, असे विचारले असता कोणी रूसोच्या आवेशात म्हणेल की, असल्या निरुपयोगी वस्तूंवर बडे लोक प्रजेचा घाम उधळतात. हे सारे मान्य. पण विचारले होते ते हे नव्हे, असे कांट ‘क्रिटीक ऑफ जजमेंट’मध्ये (१७९०) बजावतो. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’मुळे (१९७४) कांटची ही भूमिका मराठी समीक्षेला परिचित आहे. ती सर्वत्र सारखीच टिकते काय, हे पाहण्यास आरंभीच्या रोकोको शैलीतील फ्रेंच फर्निचर उपयोगी पडावे.

रीजंट फिलिप द ऑर्लेआँ याचा फर्निचरकार शार्ल क्रेसाँ (१६८५-१७६८) मुळात मूर्तिकार. लूव्रमधील त्याच्या खणांच्या बुटक्या कपाटावर दोन मुले एका माकडाला झोका देत आहेत. लाकूड ही जणू त्या सोनेरी ब्राँझची पार्श्वभूमीच. त्या काळच्या लाकडी खुर्च्यांवर सोन्याचा वर्ख चिकटवीत. ब्राँझची रीत निराळी. सोने पाऱ्यात कालवून तो लगदा ब्राँझवर लावीत व निखाऱ्यावर तापवीत. पारा वाफ होऊन उडे, सोने उरे. मग काही भाग घोटून लखलखीत करीत, काही मंदच ठेवीत. वाफ कारागिराच्या फुप्फुसात जाई; कालांतराने हात कापू लागत. रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कारागिरांच्या व्याधींवरील ग्रंथात (१७००) मुलामा देणाऱ्यांची ही दशा नोंदवली होती. अज्ञानाची सबब त्यामुळे पुरी पडत नाही.

राजवाड्यासाठी गाळलेला घाम भिंतीत दिसत नाही. म्हणून कांटचे उदाहरण सोपे आहे. येथे लखलखीत आणि मंद यांचा जो खेळ आस्वादक रूप म्हणून अनुभवतो, तो पारा उडून गेल्यावाचून सिद्धच होत नाही. त्या पृष्ठभागाचे नेमके वर्णन करू लागलेला समीक्षक विषापर्यंत पोचतोच. मध्येच लौकिक-अलौकिकाची वेस उभारणे ही मग केवळ सोय ठरते. अर्थात, यावरून ती झळाळी कुरूप ठरत नाही. तसे म्हणणारा नीतिवादी प्रामाणिक असेल, पण डोळे मिटून बोलत असतो. वस्तू सुंदरच आहे, आणि अडचण नेमकी तीच आहे.

क्रेसाँवरील खटले या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. तो ब्राँझ स्वतःच्याच कारखान्यात ओतवून घेई व तेथेच मुलामाही देववी. श्रेणींच्या नियमांनुसार ही कामे ओतारी आणि मुलामा देणारे यांची होती, आणि त्यांनी त्याला न्यायासनासमोर खेचले. पारा तापवण्याचा हा हक्क त्यांना दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यायचा नव्हता.