वेदना अडवायची कुठे?

उत्तर पाकिस्तानातील तीन नातलग कुटुंबांवरचा एक शोधनिबंध २००६ साली ‘नेचर’मध्ये आला. त्या कुटुंबांतल्या सहा जणांना जन्मापासून दुखणे ठाऊकच नव्हते. स्पर्श कळे, ऊन-गार कळे, वेदना मात्र नाही. ज्या मुलामुळे संशोधकांचे लक्ष तिकडे गेले, तो दंडात सुऱ्या खुपसून आणि निखाऱ्यांवर चालून रस्त्यावर खेळ करत असे. वयाची चौदा वर्षे पुरी होण्याआधीच छपरावरून मारलेल्या उडीत तो गेला. वेदना न कळण्याचे कारण सापडले ते एका जनुकात. वेदना वाहणाऱ्या चेतापेशींवरची नॅव्ह १.७ ही सोडियम मार्गिका या लोकांत निकामी होती. सोडियमचे आयन अशा मार्गिकांतून आत शिरले की चेतापेशीत विजेची लहर उठते. शरीरात या मार्गिकांचे नऊ प्रकार आहेत आणि त्यांतल्याच एकावर हृदयाचे ठोके अवलंबून असतात. झायलोकेन त्या सरसकट बंद करते, म्हणून ते बहुधा टोचलेल्या जागेपुरतेच वापरावे लागते. मग फक्त १.७ बंद करणारी गोळी मिळाली तर? औषधकंपन्या या आशेमागे धावल्या. त्यांच्या रेणूंची निवडकता चांगली होती, तरी रुग्णांवरच्या चाचण्यांत निराशाच पदरी पडली.

हे अपयश मला फार बोलके वाटते. निसर्गाने जे जन्मतः केले तेच गोळीने करू, हे गृहीतकच कच्चे होते. ही मार्गिका नसलेल्या एका स्त्रीला नॅलॉक्सोन हे अफूजन्य द्रव्यांचा परिणाम उतरवणारे औषध दिले, तेव्हा तिला उष्णतेची वेदना जाणवू लागली, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे तिच्या शरीरातली स्वतःची वेदनाशामक रसायनेही त्या बधिरपणात सामील होती. शिवाय ही मार्गिका मज्जारज्जूत शिरणाऱ्या चेतातंतूंच्या टोकांशीही काम करते आणि तिथवर औषध पोचवणे अवघड. आयुष्यभराचा अभाव आणि चाळिशीत घेतलेली गोळी यांत मोठे अंतर आहे.

यश आले ते शेजारच्या नॅव्ह १.८ मार्गिकेवर. लंडनमध्ये जॉन वूड यांच्या प्रयोगशाळेने तिचे वर्णन १९९६ साली केले होते. ती मुख्यतः मेंदू-मज्जारज्जूबाहेरच्या वेदनावाहक पेशींत आढळते. तिला रोखणाऱ्या सुझेट्रिजिनला अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये तीव्र, अल्पकालीन वेदनेसाठी मान्यता मिळाली. पोटाच्या आणि पायाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या चाचण्यांत ते प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, सरस ठरले, मात्र हायड्रोकोडोन हे अफूजन्य औषध आणि पॅरासिटामॉल यांच्या जोडगोळीवर मात करू शकले नाही. मग एवढा गाजावाजा कशाला, असा आक्षेप येतो. पण या औषधाची पारख ताकदीवर करणे चुकीचे आहे. अफूजन्य औषध मेंदूवर काम करते. सुख, श्वास आणि व्यसन यांचे धागे तिथेच गुंतलेले असतात. हे औषध त्या धाग्यांना हात न लावता वेदना वाटेतच कमी करते. ती समूळ जात नाही, हेही मला उणे वाटत नाही, कारण वेदना शरीराची राखणही करते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले होते की कुष्ठरुग्णांची बोटे झडतात ती मुख्यतः बधिर हाताला न कळलेल्या जखमांमुळे. निखाऱ्यांवर चालणाऱ्या त्या मुलाकडेही हीच राखण नव्हती.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. सायटिकाच्या रुग्णांवरील चाचणीत वेदना दहाच्या मापावर सुमारे दोन अंकांनी उतरली खरी, पण प्लासिबो घेणाऱ्यांचीही तेवढीच उतरली. चाचणी करणाऱ्या कंपनीने प्लासिबोचा परिणाम केंद्राकेंद्रांत वेगवेगळा दिसल्याचे कारण दिले. ते अंशतः खरे असेल, पण मला त्यात आणखी एक शक्यता दिसते. जुनाट दुखण्यात मज्जारज्जू आणि मेंदू स्वतःच बदललेले असतात, त्यामुळे बाहेरची वाट अडवूनही आतला कल्लोळ चालूच राहू शकतो. म्हणून हे औषध भारतात आले तर ते मॉर्फिनची जागा घेईल असे मानू नये. अमेरिकेला अफूजन्य औषधांचा अतिरेक भोवला. आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थ कायद्याच्या धास्तीने रुग्णालये मॉर्फिन ठेवायलाच कचरू लागली. २०१४च्या दुरुस्तीने नियम सैल झाले, तरी कर्करोगाच्या असंख्य रुग्णांना ते आजही मिळत नाही. मॉर्फिन स्वस्त आहे आणि कर्करोगाच्या वेदनेवर त्याचा गुण सिद्ध झालेला आहे. सुझेट्रिजिनची मान्यता शस्त्रक्रियेनंतरच्या काही दिवसांच्या वेदनेवरील पुराव्यावर मिळाली आहे. कर्करोगाच्या रुग्णाला त्यासाठी थांबायला लावणे अन्यायाचे होईल.