हौसेचा हिशेब

वयाच्या चोपन्नाव्या वर्षी आम्ही माळ्यावरची सतार पुन्हा खाली काढली. विद्यार्थिदशेत ती दोन वर्षे शिकलो होतो. पुढे परीक्षा, नोकरी आणि संसार यांच्या गर्दीत ती वर गेली ती गेलीच. वाद्य अस्सल मिरजेचे. तेथील सतार-तंबोऱ्यांस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण चांगल्या वाद्याने वादक चांगला होत नाही. तारा नव्या चढविल्या, नखी बोटात घातली आणि चार दिवसांत तर्जनीचे टोक सोलून निघाले. मींड ओढावी तर इच्छित स्वराच्या अलीकडेच बोट दमते. असली उत्तरपत्रिका आमच्यापुढे आली असती तर ती उत्तीर्ण करण्याचे धाडस आम्हांस झाले नसते.

मग जे आपणांस कधीच नीट साधणार नाही, ते करीत बसण्याचा आपणांस अधिकार काय? कलेचा अपमान होतो हे आम्हांस पटत नाही. आमच्या बेसूरपणाने यमनाचे काय बिघडणार? पंडित भातखंडे हेही पेशाने वकील आणि तरुणपणी सतार शिकलेले, हा दाखला आमच्या ओठांवर होताच. (हौशी माणूस थोरांचे दाखले फार लवकर देतो.) परंतु पत्नी व कन्या निवर्तल्यानंतर त्यांनी वकिली सोडली आणि उरलेले आयुष्य संगीतास वाहिले, हे आम्ही सोयीस्करपणे विसरत होतो. त्यांचे तास त्यांचे होते. आमचे कोणाचे?

आमच्या भिवंडीत हा प्रश्न भिंतीपलीकडूनच ऐकू येतो. मागांची खडखड रात्रंदिवस चालू असते. बारा तासांची पाळी करणाऱ्या कामगाराचे हात आमच्याहून कितीतरी तयार, पण हौसेला त्याच्यापाशी घटका नाही. तथापि एवढ्या दूर पाहण्याचे कारणच नव्हते. एके सायंकाळी आम्ही वाजवीत असता स्वयंपाकघरातून पत्नीचा आवाज आला, "अहो, जोड उतरली आहे." पाहिले तो खरेच उतरली होती.

तेव्हा आठवले, लग्नापूर्वी ती गाणे शिकत असे. गेली अठ्ठावीस वर्षे ती गायिली नाही. आम्ही कधी मनाई केली नाही, असे आम्ही अभिमानाने सांगत आलो; पण मनाई करण्याची वेळच येऊ नये अशी घराची घडी होती, आणि त्या घडीत आमची सोय होती. आज सतारीस मिळणारा तास तिच्या पोळपाटावरूनच येतो. सतार पुन्हा माळ्यावर टाकावी म्हटले, तर तो न्याय नव्हे, नुसता रुसवा. त्याने तिचा तास तिला परत मिळत नाही.

"आजपासून संध्याकाळच्या पोळ्या आमच्याकडे, तुम्ही गा," असे आम्ही जाहीर केले. ती हसली. "म्हणजे पोळ्याही बिघडणार आणि गाणेही. गळा राहिलाय कुठे आता?"

पोळ्या बिघडल्याच. पंधरा दिवसांनी एकदा वीज गेली, माग थांबले, आणि अंधारात तिने हळूच षड्ज लावला. आमच्या जोडीहून तो थोडा खाली होता. आम्ही चाचपडत खुंटी शोधली आणि तार उतरवू लागलो.