कर्ता एक, भोक्ता दुसरा

सज्जनहो, कर्माचा सिद्धान्त आपल्या अंगवळणी पडला आहे. करावे तसे भरावे, पेरावे तसे उगवावे. जो कर्ता तोच भोक्ता. या एका सूत्रावर आमच्यासारख्या कीर्तनकारांची निरूपणे उभी असतात आणि श्रोतेही माना डोलावतात. परंतु संसारात एक ठिकाण असे आहे की, जेथे हे सूत्र डोळ्यांदेखत उलटे झालेले दिसते. करतो एक आणि भोगतो दुसरा. आणि तो दुसरा असा की, त्याने अद्याप जगात पाऊलही टाकलेले नाही. ते ठिकाण म्हणजे आईचे उदर. गर्भिणीच्या देही तंबाखूचा अंश गेला, धूर गेला, तर त्याचे फळ बाळाच्या छातीत वर्षानुवर्षे राहते, हे वैद्यकाने आता निःसंशय ठरविले आहे. मग हा दोष कोणाच्या खाती मांडावा? हा प्रश्न नुसता वैद्याचा नाही, धर्माचाही आहे. म्हणून त्याचा येथे विचार करू.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. गर्भ हवेचा श्वास घेत नाही, त्याला लागणारा प्राणवायू आईच्या रक्तातून वारेवाटे आणि नाळेवाटे मिळतो. तरी त्याची फुप्फुसे तेथेच घडत असतात. श्वासाच्या नळ्यांना फांद्या फुटून त्यांचे झाड चौथ्या महिन्याच्या सुमारास तयार होते. त्या झाडाला पुढे बारीक वायुकोशांची पालवी फुटते. जन्मते वेळी असे कोश काही कोटी असतात आणि मूल मोठे होईतो ते तीस कोटींच्या वर जातात. म्हणजे झाडाच्या फांद्या पोटात ठरतात, पालवी मागाहून येते. फांदीच खुरटली तर पालवी कोठे धरणार? आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

तंबाखूतील निकोटिन हे विष वारेला अडत नाही. ते गर्भाच्या रक्तात आईच्या रक्ताइतके, कधी त्याहूनही अधिक भरते आणि घडत्या फुप्फुसांची ठेवण बिघडविते. बिडी-सिगारेटच्या धुरात दुसरा एक वायू असतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजलेली माणसे ज्याने दगावतात, तोच हा. तो रक्ताला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. प्राणवायूची जागा तो अडवून बसला म्हणजे गर्भ आतल्या आत उपाशी राहतो.

गर्भारपणी धूम्रपान करणाऱ्या आयांची बाळे वजनाने हलकी होतात, ही गोष्ट अमेरिकेतील एका पाहणीने १९५७ साली उघड केली. पुढे १९९६ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरी अवघ्या काही दिवसांच्या अर्भकांचा श्वास यंत्राने मोजला गेला. ज्यांच्या आया गरोदरपणी फार सिगारेटी ओढीत, त्यांची श्वास सोडण्याची चाल जन्मतःच उणी भरली. बाहेरचा धूर त्या बाळांना लागायचाच होता. उणेपण घेऊनच ती आली होती. अशा मुलांची छाती पहिल्या दोन-चार वर्षांत वरचेवर घरघरते, सर्दीचे पाणी लगेच छातीत उतरते, दम्याचा संभव वाढतो. बरे, मूल वाढले म्हणजे हे निघून जाते म्हणावे तर तसेही नाही. छातीची ताकद विशी-पंचविशीपर्यंत वाढते आणि मग सर्वांचीच हळूहळू उतरते. ज्याचे भांडवलच तुटपुंजे, त्याचे दिवाळे लवकर निघते. साठीत लागायची धाप त्याला चाळिशी-पन्नाशीत लागते.

येथे कोणी म्हणेल, ''महाराज, हे विलायतेचे पुराण आम्हांला कशाला? आमच्या नगर जिल्ह्यात कोणती लेकीबाळी सिगारेट ओढते?'' खरे आहे. महाराष्ट्रात धूम्रपान करणारी स्त्री शंभरात एखाद-दुसरी. पण २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत सुमारे सहांत एक स्त्री दुसऱ्या रूपाने तंबाखू सेवन करणारी निघाली. ते रूप बहुतेक घरी ओळखीचे आहे: मिश्री. तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळी दातांना लावून बसायचे. भाजताना धूर घरभर आणि लावताना रस रक्तात. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांची नोंद ठेवून केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील तंबाखूवाल्या बहुतेक मिश्रीच्याच होत्या. त्यांची बाळे सरासरीने १०५ ग्रॅम हलकी आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मलेली आढळली. १०५ ग्रॅम म्हणजे काय, ओंजळभर ज्वारीही होणार नाही. पण अडीच किलोच्या जिवाला ते ओझे लहान नाही, आणि दिवस भरण्याआधी आलेल्या बाळाची फुप्फुसेच सर्वांत कच्ची असतात.

मिश्रीवाचून आणखीही वाटा आहेत. संगमनेर आणि नगर ही बिडीची जुनी गावे. मांडीवर सूप, सुपात जरदा आणि टेंभुर्णीची कापलेली पाने घेऊन बायका दिवसभर बिड्या वळतात. एकही बिडी न ओढता तंबाखूची धूळ त्यांच्या नाकातोंडात आणि कातडीवाटे अंगात जाते; ती त्यांच्या लघवीच्या तपासणीत सापडते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबे दर हंगामाला ऊसतोडीला जातात. हातभर कोपी, तिच्या तोंडाशी तीन दगडांची चूल, आत गरोदर बाई आणि बाजूला बिडी ओढणारा घरधनी. २०१६ पासून सरकारी योजनेत गॅस पुष्कळांच्या घरी आला. पण टाकी भरायला पैसे नाहीत म्हणून तो कोपऱ्यात आणि चूल पेटती, हे आपण पाहतोच. चुलीचा धूरही गर्भाला आणि तान्ह्याला बाधतोच.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे सारे ऐकल्यावर माणसे दोन उत्तरे देतात. पहिले उत्तर असे की, ''दोष आईचा. तिने लावायची नव्हती.'' दुसरे असे की, ''त्या जिवाचे प्रारब्ध. ज्याचे त्याचे संचित.'' आमच्या मते दोन्ही उत्तरे सुटकेची आहेत, धर्माची नव्हेत.

आईचाच दोष म्हणणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. मिश्री तिला लहानपणी कोणी दिली? दात दुखला तेव्हा आजीने, पोट साफ होईना तेव्हा सासूने. पोटात पुरेसे अन्न नसले म्हणजे तोंडात मिश्री धरून ती भूक मारते आणि दिवसातून तेवढा घटकाभरच तिला कोणी हाक मारीत नाही. तिची डबी हिसकावण्याआधी तिला पोटभर भाकरी आणि घटकाभर विसावा घरात मिळतो का, हे पाहिले पाहिजे. आणि ज्या धन्याने तिच्या उशाशी बसून बिडीमागून बिडी ओढली, ज्या सासऱ्याने माजघरात चिलीम भरली, त्यांचे काय? त्यांनी सोडलेला धूरही तिच्याच नाकातून रक्तात आणि रक्तातून गर्भात गेला. पाहणाऱ्याला ओढणारा एक दिसतो, पण ओढणारे दोघे आणि तिसरा पोटातला.

प्रारब्धाचे उत्तर अधिक फसवे आहे, कारण ते आपल्या शास्त्राच्या भाषेत बोलते. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण अशी कर्माची त्रयी आपण मानतो. भोगास आलेले ते प्रारब्ध. आज हातून घडते ते क्रियमाण. बाळाचे प्रारब्ध काय, हे आपणांस दिसत नाही. आपल्या बोटांतली पेटलेली बिडी मात्र दिसते. जे दिसते ते झाकून न दिसणाऱ्याच्या नावाने उत्तर देणे, याला वेदान्त म्हणत नाहीत. वाटेत एखाद्याने वाटसरूचे गाठोडे मारले आणि पंचांपुढे उभा राहून ''लुटले जाणे हे त्याचे प्रारब्धच होते'' असे म्हणाला, तर पंच त्याला सोडतील काय? प्रारब्ध हा शब्द भोगणाऱ्याने आपल्या मनाच्या समाधानासाठी उच्चारावा. करणाऱ्याने सुटकेसाठी उच्चारू नये. त्याच्या तोंडी तो नास्तिकपणाच होय.

तेव्हा सूत्र खोटे नाही, आपण त्याचा अर्थ अर्धाच घेतला. कर्ता आपल्या कर्माचे फळ भोगतोच; परंतु त्याच्या कर्माची झळ त्याच्या एकट्यापुरती राहत नाही. वाल्या कोळ्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. नारदांनी त्याला घरी पाठविले, ''ज्यांच्यासाठी पाप करतोस ते पापाचे वाटेकरी होतात का, विचारून ये.'' बायकापोरांनी साफ नकार दिला. त्या नकाराने वाल्याचे डोळे उघडले. आता या कथेशेजारी आपले घर मांडून पाहा. वाल्याच्या पोरांना निदान विचारले तरी गेले आणि नाही म्हणायला त्यांना तोंड होते. गर्भाला कोणी विचारीत नाही आणि त्याला नाही म्हणताही येत नाही. वाल्याच्या पोरांनी लुटीचे अन्न खाल्ले आणि पापाचा वाटा नाकारला. येथे तर बाळाला बिडीचे सुख कणभर नाही आणि वाटा मात्र पुरा. म्हणून आम्ही म्हणतो, ज्याला नकार देता येत नाही त्याच्याबाबतीत करणाऱ्याचे दायित्व दुप्पट होते. जो बोलू शकत नाही त्याच्या वतीने घरातल्या प्रत्येकाने नाही म्हटले पाहिजे. हा गर्भधर्म घराचा आहे, एकट्या गर्भिणीचा नाही.

हे नवेच काही सांगतो असेही नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात औषधी धूमपानाचा विधी आला आहे. तो धूम सुगंधी वनस्पतींचा, कफ झडावा म्हणून घेण्याचा. तंबाखू तेव्हा या देशात नव्हतीच. ती पुढे पोर्तुगीजांबरोबर आली. तरी हा औषधी धूम कोणी घेऊ नये याची यादी देताना आचार्यांनी गर्भिणीचे नाव स्पष्ट घातले आहे. औषधाचा धूर जेथे वर्ज्य, तेथे विषाच्या धुराला कोणत्या शास्त्राचा आधार मिळणार? प्रह्लादाने गर्भात नारदांचा उपदेश ऐकला, अभिमन्यूने सुभद्रेच्या उदरी चक्रव्यूह ऐकला, असे आपण सांगतो. आईच्या कानावाटे गेलेला शब्द पोहोचतो हे मानणाऱ्यांनी नाकावाटे गेलेला धूर पोहोचत नाही असे मानणे शोभत नाही.

''आमच्या आईने जन्मभर मिश्री लावली, आम्ही धडधाकट आहोत,'' असेही कोणी म्हणतात. जे धडधाकट राहिले तेच हे सांगायला उरले, हे ध्यानात घ्यावे. पुरातून दहा जण पोहून आले म्हणून पूर निरुपद्रवी ठरत नाही.

आता थोडे आपल्या घरचे बोलू, रागावू नका. माळ घातली म्हणजे आपण मद्यमांस सोडतो, एकादशी धरतो. पण तंबाखूची चंची मात्र माळेखालीच लोंबत असते. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघून आपल्या नगर जिल्ह्यातून पंढरीस जाते. मुक्कामाला राहुटीत टाळ खाली ठेवला की बिडी पेटते, आणि त्याच राहुटीत कोणाची तरी दिवस गेलेली सून भाकरी थापीत असते. परस्परांच्या पाया पडणारा हा संप्रदाय. समोरच्याच्या ठायी पांडुरंग पाहून ज्याने वाकायचे, त्याने त्या मायमाउलीच्या पोटातल्या पांडुरंगाला धूर द्यावा काय?

करायचे ते अवघड नाही. घरात कोणाला दिवस गेल्याचे कळले, त्याच दिवशी घरातला धूर बंद करावा. खिडकीशी उभे राहून ओढतो, ही पळवाट नको. उंबऱ्याच्या आत बिडी नाही आणि बाळ झाल्यावरही नाही. कारण वायुकोशांची पालवी पुढे कित्येक वर्षे फुटत असते. मिश्री घरात भाजू नये. सासूने सुनेबरोबरच डबी बंद करावी, तरच तिची सुटेल. बिडी वळून पोट भरणाऱ्या माउलीला ''धंदा सोड'' म्हणणे आम्हांला जमणार नाही. पण त्या दिवसांत तिचे सूप दुसऱ्या कोणी घ्यावे, निदान ते दाराशी मोकळ्या हवेत असावे आणि तान्हे मूल त्या सुपाशेजारी निजवू नये. टाकी भरायला पैसे जमवायचे तर ते आधी या नऊ महिन्यांसाठी जमवावेत. सवय सुटत नसेल तर गावच्या आशाताईंना सांगावे, प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे, किंवा १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन करावा. त्याला पैसा पडत नाही. आणि उशीर झाला म्हणून कोणी हात टेकू नयेत. पहिल्या तीन-चार महिन्यांत धूम्रपान सोडणाऱ्या आईच्या बाळाचे वजन मुळीच न ओढणारीच्या बाळाइतके जवळजवळ भरते, असे आढळले आहे. क्रियमाण हातात असते ते याच अर्थाने.

यंदा वारीला जाताना पुष्कळ जण काही ना काही सोडण्याचा नेम करतील. कोणी गोड सोडील, कोणी एका वेळचे जेवण. ज्यांच्या घरी पाळणा हलायचा आहे, त्यांनी चंची आणि डबी चंद्रभागेच्या वाळवंटापर्यंतही नेऊ नये. घरीच उकिरड्यात टाकून निघावे. बाळ आपला पहिला श्वास घेईल तो पुरा घेईल, एवढ्याचसाठी.

रामकृष्ण हरि.