वाळलेली शाई आणि सुटलेली साधना



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४५

अर्जुन इथे आपल्या सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारतो. श्रद्धा होती, सुरुवातही केली, पण मन भरकटलं आणि मध्येच सुटलं, अशा माणसाचं काय होतं? ना संसाराचा, ना देवाचा, असा तो फाटलेल्या ढगासारखा विरून जातो का?

हा प्रश्न मला गेल्या महिन्यात एका प्रिंटरसमोर बसून कळला.

बाबांचा फोटो स्टुडिओ होता. तिथला २४ इंची इंकजेट प्रिंटर २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बंद झाला, तो झालाच. नंतर बाबा गेले. प्रिंटरवर चादर पडली. माझा रोजचा गीतापाठही त्याच सुमारास सुटला. आधी एक दिवस, मग आठवडा, मग पुस्तक उघडायचीच लाज वाटायला लागली. वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा आई म्हणाली, "ह्यांचा फोटो ह्यांच्याच मशीनवर काढ ना." मी तर भंगारवाल्याशी बोलून ठेवलं होतं!

चालू केला. नोझल चेकचा कागद काढला. पायऱ्यांसारख्या बारीक रेघा यायला हव्या होत्या, पण निम्मा कागद कोरा. आठ रंग, प्रत्येकाची १८० छिद्रं, केसाहून बारीक. त्यांच्या तोंडाशी शाई वाळून बसलेली.

मग मी तेच केलं जे आपण सगळे करतो. घाई! क्लीनिंग, पुन्हा क्लीनिंग, मग पॉवर क्लीनिंग. प्रत्येक वेळी महागडी शाई ओढली जात होती आणि थेट मेंटेनन्स टँकमध्ये, म्हणजे कचऱ्यात जात होती. तिसऱ्या खेपेला तर आधी येणाऱ्या रेघाही गेल्या.

बाबांच्या ओळखीचे मेकॅनिक काका आले. म्हणाले, "अरे, तुटलेलं काही नाही, वाळलंय. जोर लावू नकोस, भिजू दे." त्यांनी कार्ट्रिज काढून हळूच हलवली, कारण पिगमेंट शाईतला रंग तळाशी बसतो. वायपर पुसला. हेड जिथे विसावतं ती रबरी टोपी स्वच्छ केली, तिच्यात क्लीनिंग सोल्यूशन भरलं, हेड त्यावर आणून ठेवलं आणि प्रिंटर बंद केला. "आता उद्या."

रात्रभर काहीच करायचं नव्हतं. मला तेच सगळ्यात जड गेलं.

सकाळी एकच साधं क्लीनिंग. काळा पूर्ण आला, पिवळा आला. बाकीच्यांना आणखी तीन रात्री लागल्या.

मित्रांनो, साधना सुटली की आपणही पॉवर क्लीनिंग करतो. सोमवारपासून पहाटे चारला उठणार, रोज अकरा माळा, पूर्ण अध्याय! चौथ्या दिवशी दमतो आणि मग स्वतःलाच म्हणतो, "आपल्याच्याने होणार नाही." खरं तर आपण तुटलेले नसतो. वाळलेले असतो. नामाच्या ओलाव्यात थोडं टेकून बसायचं असतं, इतकंच.

आणि भगवंतांचं उत्तर बघा. ते रागावत नाहीत. अर्जुनाला 'तात' म्हणतात, अगदी मायेने. सांगतात की चांगलं करू पाहणाऱ्याची दुर्गती होत नाही. पुढचा जन्म घ्यावा लागला तरी आधीचा अभ्यास त्याला पुन्हा त्याच वाटेवर ओढून आणतो. जन्म बदलला तरी जे पुसलं जात नाही, ते पाच वर्षांच्या खंडाने कसं पुसलं जाईल?

एक गोष्ट लपवत नाही. फिक्या निळ्याच्या दोन रेघा शेवटपर्यंत आल्या नाहीत. मी हिरमुसलो. काका म्हणाले, "बारीक क्वालिटीवर लाव. हेड त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा फिरतं. एका छिद्राचं राहिलेलं दुसरं भरून काढतं." तसंच झालं. बाबांचा फोटो आला. आई बराच वेळ नुसती बघत राहिली.

माझ्यातही काही रेघा परत आलेल्या नाहीत. पूर्वीची एकाग्रता नाही, पाठ असलेले श्लोक अडखळतात. पण रोज त्याच ओळींवरून पुन्हा फिरतो. चित्र उमटतंय.

आता दर रविवारी मी सगळ्या रंगांचं एक छोटं पान छापतो. काम असो वा नसो, शाई वाहती राहायला हवी. आणि रोज एक श्लोक. एकच.

आजचा संकल्प : तुमची जी उपासना सुटली आहे, तिच्यावरची चादर आज काढा. पाच मिनिटं बसा. किती दिवस बुडाले ते मोजू नका.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥